नोकरी सोडण्याचे कारण

बेकारी भत्त्याच्या खिडकीशी पेन सुतळीनं बांधलेलं होतं, कुणी पळवू नये म्हणून. माझ्यापुढच्या बाई त्याच पेनानं अर्ज भरताना एका रकान्यापाशी थबकल्या: ‘नोकरी सोडण्याचे कारण’.

“साहेब, मी सोडली नाही हो. चौदा वर्षं कारखान्यात शिलाई केली, मग काढलं मला.”

“रकाना तोच आहे, ताई. काहीतरी लिहा, नाहीतर अर्ज परत येईल.”

माझ्याही हातात तोच अर्ज होता. तळपायाची आग मस्तकात गेली. काढणाऱ्याला कारण विचारणारा रकाना कुणी छापत नाही. खुलासा मात्र ज्याची गेली त्यानंच द्यायचा!

बाईंनी ठसठशीत अक्षरात लिहिलं, ‘सोडली नाही’. पेन सुतळीला लोंबकळत राहिलं.

एवढ्याशा पेनाला इथे सुतळी होती. बाईंच्या चौदा वर्षांच्या नोकरीला तेवढीसुद्धा नव्हती.