एकशे ऐंशीपैकी एकशे अठ्ठ्याहत्तर

माझ्या बायकोचं प्रशिक्षण मी पूर्ण केलं. वर्गात कृत्रिम बुद्धिमत्ता आणि ई-लर्निंग कसं वापरायचं, याचं ते ऑनलाइन प्रशिक्षण सगळ्या शिक्षकांना सक्तीचं होतं. अठरा भाग, प्रत्येकाच्या शेवटी दहा प्रश्न. ती येरवड्यातल्या एका शाळेत बावीस वर्षं आठवीला गणित शिकवते. रविवारी दुपारी ती सहामाहीचे पेपर तपासायची आणि मी शेजारी बसून लॅपटॉपवर तिच्या नावाने उत्तरं द्यायचो.

मी कारखान्यात मापं तपासतो. अर्ध्या मिलिमीटरचा फरक निघाला तरी माल परत पाठवतो. पण यात मला काही खोटं वाटलं नाही. तिच्या शाळेत कुणाचा नवरा हे करत होता, कुणाची सून. एकशे ऐंशीपैकी एकशे अठ्ठ्याहत्तर गुण पडले.

"दोन कुठे सांडलेत?" पेपरातून मान वर न करता तिने विचारलं.

प्रमाणपत्रावर तिच्या नावाखाली 'पूर्ण सज्ज' असं छापून आलं. शाळेत सर्वांत जास्त गुण तिचेच. आठवड्याभरात मुख्याध्यापिका बाईंनी सांगितलं, तपासणीला साहेब येणार आहेत, नमुना पाठ तुम्ही घ्यायचा.

"अहो, खरं सांगून टाकू का?"

"मग सगळ्यांचीच प्रमाणपत्रं उघडी पडतील. चार दिवस आहेत. मी शिकवतो."

"तुम्ही. मला. छान."

शिकवलं. कुठलं बटण, कुठला पडदा, सगळं दीड पानात लिहून दिलं. अकरावा भाग, यंत्राची उत्तरं पडताळून पाहण्याचा, मी घाईने दुप्पट वेगात पाहिला होता. माझे दोन गुण तिथेच गेले होते. दीड पानात तो आला नाही.

पाठ झाला त्या संध्याकाळी ती चहा न घेता बसून राहिली. वर्गात तिने यंत्राला गणित घातलं होतं: जाताना ताशी चाळीस किलोमीटर, त्याच वाटेने परत येताना ताशी साठ, तर सरासरी वेग किती? यंत्राने नीट पायऱ्या मांडून पन्नास सांगितलं.

"अठ्ठेचाळीस," ती म्हणाली. "जाताना वेळ जास्त लागतो. मला लगेच दिसलं."

"मग?"

"मग वाटलं, प्रशिक्षण तर मी घेतलेलंच नाही. त्यांची काही वेगळी रीत असेल. मागे साहेब बसलेले. मी पुढचं बटण दाबलं."

साहेब खूश झाले होते. पुढच्या महिन्यापासून आठवीचं सगळं गणित पडद्यावर, आणि इतर शिक्षकांना तयार करायचं काम तिच्याकडे.

दुसऱ्या दिवशी तिने वह्या घरी आणल्या. त्रेचाळीस. मी एकेक उघडून पाहिली. सगळ्यांत पन्नास. एका मुलीने आधी एकशेवीस किलोमीटरचं अंतर धरून जायला तीन तास, यायला दोन तास, असं मांडून अठ्ठेचाळीस काढलं होतं. मग त्यावर पट्टीने आडवी रेघ मारून बाजूला पन्नास लिहिलं होतं.

लाल पेन उघडून ती त्या वहीपाशी थांबली.

"उद्या हिला काय सांगू? चुकलं कोण?"

तेवढ्यात तिच्या फोनवर एका सहकारी शिक्षिकेचा निरोप आला: मॅडम, तुमचं ते दीड पान आम्हालाही पाठवा ना, सगळ्यांनाच हवंय.

तिने फोन माझ्याकडे सरकवला.

"पाठवा. बारकाईने लिहिलंय तुम्ही."