कोरडा लंगोट

कुणाचंही तान्हं बाळ हातात आलं की माझं बोट आधी त्याच्या टाळूवर जातं. आयांना वाटतं, मी माया करतेय. मी तपासत असते. टाळू सपाट आहे, बोटाखाली हळू उडतेय, एवढं कळल्याशिवाय मला त्या बाळाचा चेहरासुद्धा धड दिसत नाही. ही खोड मला सहा वर्षांपूर्वीच्या उन्हाळ्यात लागली.

माझी मुलगी तेव्हा सात महिन्यांची होती आणि मी माहेरी, सोलापुरात आईकडे आले होते. ऊन असं की दुपारी नळाचं पाणीही हाताला चटका देई. दोन दिवस मुलीला जुलाब होत होते. "दात येत्यात, दुसरं काय न्हाय," आई म्हणाली. वैरागकडच्या तिच्या गावात लेकराचं पोट बिघडलं की आधी त्याचं पाणी बंद करायचे. "आत जाईल तेवढंच भायेर पडतंय. पोटाला जरा इसावा दे की. अंगावरचं दूध बी कमी कर."

आता गंमत बघा. मी प्राथमिक शाळेत शिक्षिका. मीठ-साखर-पाणी कसं करायचं ते दरवर्षी चौथीच्या पोरांकडून घोकून घेणारी, फळ्यावर पेला आणि चमचा काढून दाखवणारी. माझ्याच लेकरावर वेळ आली तेव्हा सगळं शहाणपण शाळेत ठेवून आले होते. आईने आम्हाला वाढवलं, तिला कळत असणार, असं म्हणून मी गप्प बसले. खरं सांगायचं तर मला वाद घालायचा कंटाळा आला होता. त्या कंटाळ्याची मला अजून लाज वाटते.

तिसऱ्या दिवशी सकाळपासून लंगोट कोरडा. आई खूश झाली. "थांबलं का न्हाय? उगं दवाखाना दवाखाना करत हुतीस." माझाही जीव भांड्यात पडला. वाळलेल्या लंगोटांच्या घड्या घातल्या, निवांत बसून चहा प्याले. मुलगी शांत पडून होती, तर त्याचंही आम्ही दोघींनी कौतुक केलं.

दुपारी ती रडली. आवाज बारीक, डोळ्यांत टिपूस नाही. आईने तिच्या डोक्यावर हात ठेवला आणि म्हणाली, "टाळू बसली गं." बोटाचं पेर मावेल एवढा खळगा पडला होता. आईने खोबरेल कोमट करून आणलं आणि टाळू भरायला घेतली, रोज अंघोळीआधी भरायची तशीच. एरवी ते तेल केसांत ओघळून जायचं. आज ते तिथेच साचून राहिलं. ते बघितलं आणि मी मुलीला उचलून रिक्षाकडे पळाले.

डॉक्टरीणबाईंनी तिच्या पोटाची कातडी चिमटीत धरून सोडली. ती लवकर खाली बसेना. "शू कधी केली होती?"

"सकाळपासून लंगोट कोरडाच आहे. जुलाब थांबलेत ना."

"थांबले नाहीत हो, बाहेर यायला आत काही उरलेलंच नाही. लेकरू तहानलंय."

सलाइनसाठी शीर सापडत नव्हती. तिसऱ्यांदा सुई टोचली तेव्हा मुलीने हातही मागे घेतला नाही. ती रडली असती तर बरं वाटलं असतं. ती आता जाते, असंच मला वाटलं.

आई बाहेर बाकावर बसली होती. मी जवळ गेल्यावर म्हणाली, "तहानलंय, असं म्हणाल्या न्हवं बाई?"

मग तिने माझ्याआधीच्या मुलाची गोष्ट काढली. मला एक भाऊ होता आणि तो नजर लागून गेला, एवढंच आम्हाला घरात सांगितलेलं. "त्याची बी टाळू अशीच बसली हुती. त्यो तांब्याकडं बघायचा. रडायची ताकद न्हवती, नुसता बघायचा. मग म्या तांब्या उचलून आत ठिवला. दिसला न्हाय तर मागणार न्हाय, म्हणून." तिने विचारलं, "पाणी पाजलं असतं तर जगला असता का गं?"

"तेव्हाची साथच वाईट होती, आई," मी म्हणाले. तिने माझ्याकडे बघितलं नाही.

संध्याकाळी मुलीने डोळे नीट उघडले. बाईंनी मीठ-साखरेच्या पाण्याची वाटी दिली आणि एकेक चमचा, दमादमाने पाजायला सांगितलं. मी चमचा उचलला, तो आत आलेल्या आईने माझ्या हातातून काढून घेतला. ओठांना पाणी लागलं की मुलगी अधाशासारखी तोंड उघडत होती. आई वाकून प्रत्येक चमच्याला तिला नावाने हाक मारत होती, "पी, पी. अजून लई हाय."

ते नाव माझ्या मुलीचं नव्हतं. मी ते त्या दिवशी पहिल्यांदा ऐकलं. वाटी संपली तेव्हा मी ती पुन्हा भरून आईच्या हातात दिली.