चाखण्याची मुभा

निजामुद्दीन बावर्चीनं रोजा असताना देगीतलं सालन, म्हणजे रस्सा, कधी चाखलं नव्हतं. मुभा होती. जिभेच्या टोकाला लावायचं आणि थुंकून टाकायचं, रोजा मोडत नाही, असं मौलानांनीच सांगितलेलं. पण त्याचे अब्बा चाखत नसत, म्हणून तोही चाखत नसे. शहागंजच्या मागच्या गल्लीत मशिदीच्या इफ्तारीला नान-खलियाची, नानसोबतच्या मटणाच्या रश्श्याची, देग चढायची ती त्याच्या हाताच्या भरवशावर. मूठ भरली, मीठ सोडलं, झालं.

गेल्या रमजानात एकाच देगीत मिठाची मूठ दोनदा सुटली. पहिली त्याच्या लक्षातच राहिली नव्हती. खजूर खाऊन लोकांनी पहिला घास घेतला, घटाघट पाणी प्यायलं आणि ताटं सरकवली. देग अर्धी परत आली. त्याचंही त्याला फारसं काही वाटलं नाही. बरेच दिवस डोक्यात ओलं फडकं कोंबल्यासारखं होतं. बिडकीनच्या एका लग्नात तो आलं-लसूणच विसरला होता. देगीशेजारी उभ्या उभ्या पेंग यायची. वय झालं, म्हणायचा.

बायको तबस्सुमचं म्हणणं वेगळं होतं. घोरता घोरता तो एकदम गप्प होतो, मग बुडता माणूस वर यावा तसा हबकून श्वास घेतो. ती हलवायची, सकाळी त्याला त्यातलं काही आठवत नसे.

"तुम्ही झोपता कुठं?" ती एकदा भाकरी थापताना म्हणाली, आवाज न चढवता. "मरता आन् उठता."

दवाखान्यात तीच घेऊन गेली. डोक्याला वायरी लावून त्याला झोपवलं. डॉक्टरीणबाईंनी सांगितलं, झोपेत घसा मिटतो, श्वास अडतो, मेंदू दर वेळी दचकून जागा होतो. दिवसभराच्या आठवणींचं गाठोडं झोपेत बांधलं जातं, यांचं अर्ध्यातच सुटतं. झोपताना श्वासाचं मशीन लावा, बरंच परत येईल. सगळं येईल का, ते मात्र सांगता येत नाही.

नाकावर मुखवटा, त्याला नळी. मुलगी नौशीन म्हणाली, अब्बा हत्ती दिसतात. पेंग गेली. फडकं पुरतं सुकलं नाही.

यंदा धाकट्या भावानं, जुनेदनं, आधीच सांगून ठेवलं होतं. पहिल्या जुम्याची देग भाईची. बिघडली तर यापुढं देग ढवळायचा कफगीर माझ्या हातात.

"मिठाच्या डब्याला कुलूप लावू का, भाई? चावी भाभीकडं ठेवू."

हाताखालची पोरं हसली. निजामुद्दीननंही ओठ हलवले.

दुपार कलली तसा खलिया उकळू लागला. तो डब्यापाशी उभा होता. बोटांना मीठ लागलेलं होतं. आता काढायला घेतलेलं, की मघाच टाकलेलं? त्यानं आठवून पाहिलं. मूठ दिसली, वाफ दिसली. पण ती आजची होती की वीस वर्षांपूर्वीची, ठरेना. जुनेद बघत होता. विचारलं असतं तर त्यानं सांगितलं असतं, आणि कफगीरही मागितला असता.

निजामुद्दीननं कफगीर बुडवला, थेंबभर रस्सा तळहातावर घेतला, फुंकला, जिभेच्या टोकाला लावला. थुंकला. चूळ भरली.

"अब्बांनी कधी जिभेला लावलं नव्हतं," जुनेद म्हणाला.

"अब्बांना आठवायचं."

मीठ पडलेलं होतं. बरोबर पडलेलं होतं. त्यानं डब्याचं झाकण लावलं. हायसं वाटेल म्हणून थोडा थांबला. काही वाटलं नाही. मग देगीखालची दोन लाकडं मागं ओढली आणि कफगीर हातात तसाच धरून अजानची वाट पाहत उभा राहिला.