सेऊलचं सार

अल्फारेटातल्या कोरियन दुकानात आज सुक्या मासळीच्या रश्शाचा वास आला आणि मी ट्रॉली ढकलता ढकलता थांबलो.

आईला पहिल्यांदा अमेरिकेत आणताना सेऊलला दिवसभराचा थांबा होता. थंडीत कुडकुडत आम्ही बाजारात फिरत होतो. हातगाडीवरच्या एका मावशींनी आईच्या हातात कढत रश्शाचा कागदी कप ठेवला. त्यात मुळ्याचा तुकडा तरंगत होता.

"यात तसलं काही नाही ना रे?" जन्मात अंडंही न खाल्लेल्या आईने विचारलं.

मला वासावरून कळलं होतं. पण तिचे ओठ निळे पडले होते. "नाही गं, मुळ्याचं सार आहे," मी म्हणालो. ती दोन कप प्यायली. तिच्या चष्म्यावर वाफ धरली होती, आणि मला स्वतःचंच कौतुक वाटलं होतं.

शेवटच्या आजारपणात, इथेच, अन्न तुटल्यावर तिने तेच सार मागितलं. मी मुळा उकळला, मीठ-मिरी घातली. मासळी घालायचा धीर झाला नाही. एक घोट घेऊन तिने वाटी बाजूला सारली.

"काहीतरी घालायचं विसरलास रे."

"हो, विसरलो," मी म्हणालो.