नवऱ्याच्या सहीशिवाय

संपाचं दुसरं वर्ष होतं. डिलाईल रोडवरच्या आमच्या चाळीत पुरुष कमी आणि पत्रकं जास्त झाली होती. वडील माझ्या लहानपणापासूनच गिरणीच्या गेटवर पत्रकं वाटायचे. उरलेल्या पत्रकांच्या कोऱ्या बाजूवर मी अक्षरं गिरवली, त्यामुळे कुठेही अन्याय दिसला की माझ्या डोक्यात आधी मथळा तयार व्हायचा.

वहिनीला सातवा महिना होता. आधीच्या बाळंतपणात इतका रक्तस्राव झाला होता की ती जेमतेम वाचली. यानंतर पुन्हा दिवस राहिले तर जिवाशी गाठ, असं डॉक्टरांनी बजावलं होतं. म्हणून या तिसऱ्या खेपेनंतर लगेच कुटुंबनियोजनाचं ऑपरेशन करून घ्यायचं तिनं ठरवलं. प्रसूतिगृहातल्या बाईंनी मान वर न करता सांगितलं, "नवऱ्याची सही आणा."

नवरा म्हणजे माझा भाऊ. संपात हात रिकामे झाल्यावर तो कोकणात मासेमारीच्या बोटीवर खलाशी म्हणून गेला होता. आज या बंदरात, उद्या त्या. गावच्या पत्त्यावर तीन पत्रं टाकली, उत्तर नाही.

"तूच कर गो त्याची सही. कोण बघतंय?" शेजारची मावशी म्हणाली.

"म्हणजे माझी खोटी सही चालेल, खरी नाय चालणार?" वहिनी भडकली. "पोट माझं ना?"

त्याच दुपारी मी पत्रक लिहिलं. ‘बाईच्या शरीरावर सही कुणाची? आमदारांना कार्ड टाका!’ जिन्याजिन्यानं फिरले, मजकूर सांगितला. दारोदारी तीच गत होती, नवरे गावाला आणि बायका इथं. तीसेक कार्डं जमली. पोस्टावर भरवसा नव्हता, म्हणून मी आणि वहिनी ती घेऊन आमदारांच्या कचेरीत गेलो.

तिथल्या कारकुनानं कार्डं चाळली आणि चष्मा वर केला. "ताई, प्रश्न बायकांचा ना? मग हे सगळे पुरुष का लिहितायत?"

मी बघितलं. प्रत्येक कार्डाखाली नवऱ्याचं नाव. रेशनकार्ड, भाडेपावती, शाळेचा दाखला, सगळीकडे तेच लिहायची सवय. मी मजकूर तेवढा तपासला होता.

"आणि नवरे गावाला आहेत म्हणता," तो पुढे म्हणाला, "तर ह्या सह्या केल्या कुणी?"

माझे कान तापले. वहिनी मात्र पोट धरून हसत सुटली.

चाळीत सांगितलं तेव्हा मावशी म्हणाली, "तोंडानं नाव घेत नाय, म्हटलं लिहून तरी घेऊ!" हशा ओसरल्यावर तिनंच विचारलं, "पण माझं नाव कोण ओळखतंय गो?"

"लिहा तर खरं," मी म्हणाले.

दुसऱ्यांदा मी मजकूर सांगितलाच नाही. जिला लिहिता येत नव्हतं तिचं म्हणणं मी तिच्याच शब्दांत उतरवलं, खाली तिचं नाव आणि अंगठा. एकीनं लिहिलं होतं, ‘माझा नवरा भला आहे, पण तो इथे नाही आणि मी आहे.’ असं वाक्य मला कधी सुचलं नसतं.

आमदारांनी ती कार्डं वाचली. वरच्या अधिकाऱ्यांकडे विचारणा झाली आणि वहिनीला नववा लागता लागता प्रसूतिगृहात पत्र पोचलं, की बाईची स्वतःची संमती पुरे. कळा सुरू झाल्यावर आम्ही पोचलो. त्याच बाईंनी फॉर्म पुढे सरकवला आणि बोट ठेवलं, "इथं. तुमची."

वहिनीनं कळ जाऊ दिली आणि सावकाश, पूर्ण नाव लिहिलं.

मुलगी झाली. ऑपरेशनही पार पडलं. शुद्धीवर आल्यावर वहिनीनं चहा मागितला आणि मी बाहेर बाकावर बसून पोटभर रडून घेतलं. किती महिन्यांनी छातीवरचं ओझं उतरलं होतं.

म्हणून मी अजून भेटेल त्या बाईला सांगते, ज्यांना निवडून दिलंय त्यांना लिहा. माझा मजकूर नको, तुमचा लिहा, आणि खाली नाव तुमचं घाला.

भाऊ दोन महिन्यांनी आला. लेकीला मांडीवर घेऊन कुरकुरला, "मला विचारायचं तरी."

"कुठं विचारू?" वहिनी म्हणाली. "समुद्राला कार्ड टाकू?"

शेवटी तोही हसला. वहिनी कधीची हसत होती.