मागच्या दाराची काच

वाटूर फाट्यावर कुणालाही विचारा, "काचवाला भागवत कुठं?" म्हणून, हात करून दाखवतील. बरं, हा माणूस काच विकत नाही की बसवत नाही. जुन्या मोटारींच्या बटणावर चालणाऱ्या काचा अडकल्या, सीटा पुढं-मागं सरकायच्या थांबल्या, की त्या दुरुस्त करतो. सुरुवात केली ट्रॅक्टरच्या डायनामोपासून. मग शहरातल्या शेठ लोकांनी वापरून काढलेल्या मोठ्या गाड्या खेड्यापाड्यात यायला लागल्या, आणि त्यांच्या मागोमाग त्यांची दुखणीही आली. भागवत बटण दाबायचा आणि दाराला कान लावायचा. आतली मोटार कण्हली तर जीव आहे. काहीच बोलली नाही तर वायर बघायची.

त्या रविवारी मात्र त्याच्या बायकोनं, दैवशालानं, सकाळीच दम भरला होता. "आज पान्याला हात लावाल तर बघा! पाव्हणे येऊन राह्यलेत. माणसासारखं बसा जरा."

त्यांच्या मोनालीला बघायला कुंभार पिंपळगावचे रामराव येणार होते. तालेवार घर, बागायती रान, कल्याण नावाचा मुलगा, तोही नोकरीला. याआधी दोनदा मोनाली पसंत पडूनही बोलणी फिसकटली होती. एका पाव्हण्यानं तर तोंडावर सांगितलं होतं, "पोरगी चांगली हाय, पण बाप फाट्यावर काळ्या हातानं बसतो." ते भागवतच्या काळजात रुतून बसलं होतं. ही सोयरीक जुळावी, एवढी एकच गोष्ट त्याला हवी होती. त्यासाठी त्यानं नखं घासघासून लाल केली होती आणि पांढराशुभ्र शर्ट चढवला होता.

आणि नशिबाचा खेळ बघा, पाव्हण्यांची गाडीच दुखणं घेऊन दारात आली! गाडी कल्याण चालवत होता; त्याच्याशेजारी बसलेल्या रामरावांच्या बाजूची काच पार खाली गेलेली. वाटेतली सगळी धूळ त्यांच्या टोपीवर नि मिशांवर. त्यांची सीटही इतकी मागं अडकलेली की पाठीमागं बसलेल्या साळूबाईंना, म्हणजे मुलाच्या आईला, गुडघे पोटाशी घेऊन यावं लागलं होतं. उतरल्यावर दाराला धरून त्यांनी पाय सरळ केले.

चहा-पोहे झाले. मोनाली आली, बसली, विचारलं तेवढं सांगून आत गेली. मग रामराव हसत म्हणाले, "भागवतराव, लई नाव ऐकून हाये तुमचं. ती काच तेवढी वर करून द्या की. जाताना पुन्हा धूळ खायची म्हणजे अवघड काम."

दैवशालानं डोळे वटारले. पण दारी आलेल्या पाव्हण्याला नाही कसं म्हणायचं? आणि खरं सांगू का, भागवतचे हात मघापासून शिवशिवतच होते. बाह्या दुमडून तो उठला.

दाराचं बटण उघडलं आणि त्याला हसूच फुटलं. आत कुंकू, अक्षता, वर नारळाच्या पाण्याचा चिकट थर. दसऱ्याला गाडीची पूजा करावी, जरूर करावी. पण आपली माणसं नारळ चाकापुढं फोडून थांबतात का? आतल्या एकेका बटणाला कुंकू लागतं, वरून नारळाचं पाणी शिंपडलं जातं. देव प्रसन्न होतो, बटण रुसून बसतं. सीटखाली हात घातला तर नजर लागू नये म्हणून ठेवलेलं लिंबू सापडलं, सडून वायरींच्या जोडावर गळालेलं. तांब्याला हिरवा जंग चढला होता. भागवतनं पेट्रोलच्या फडक्यानं सगळं पुसलं, पॉलिश पेपर मारला. काच सुरसुरत वर गेली, सीटही गुरगुरत पुढं सरकली.

हाती आलेली गाडी अर्धी सोडायची नाही, ही त्याची खोड. त्यानं मागच्या दारांची बटणंही दाबून बघितली. डावं गप्प. उजवं गप्प. दोन्ही एकदम कशी काय मेली? त्यानं दाराची पट्टी काढली. वायर जळालेली नव्हती, उंदरानं कुरतडलेलीही नव्हती. पकडीनं सरळ तोडलेली होती आणि टोकांना नीट काळी टेप गुंडाळलेली होती.

कल्याण शेजारीच उभा होता. भागवतनं विचारलं, "हे कुणी केलं, कल्याणराव?"

"मीच की!" तो मोकळेपणानं हसला. "आई सारखी काच खाली करती. म्हणती कोंडल्यावानी होतंय, मळमळ होती. सगळी एसीची हवा बाहेर! मागच्या काचा बंद ठेवायचं समोरचं लॉकचं बटणबी खराब झाल्तं. मंग म्हणलं, झंझटच नको. बघा ना, कसं बराबर काम केलंय."

काम बराबर होतं, त्यात वाद नाही. पोरगंही वाईट नव्हतं. दारू नाही, तंबाखू नाही, बोलणं आदबीचं. म्हणूनच तर अवघड होतं. वाया गेलेल्या पोराला नाही म्हणायला बापाला काय लागतं? इथं नाव ठेवायला जागा नव्हती. तुम्ही म्हणाल, एवढ्याशा वायरीचं काय घेऊन बसलाय. पण जन्म वायरीत गेलेल्या माणसाला बिघडणं निराळं आणि तोडणं निराळं, हे सांगावं लागत नाही. मागच्या सीटवर त्याला मोनाली दिसायला लागली, बंद काचेला डोकं टेकून ओकारी दाबत बसलेली. त्याला त्या पोराचा रागही धड येईना, नुसतं भ्यायल्यासारखं झालं. कल्याण आत गेल्यावर त्यानं गुपचूप टोकं सोलली, वायरी पिळून जोडल्या, दुसऱ्या दाराच्याही जोडल्या, पट्ट्या बसवल्या.

निघताना रामराव पुढच्या सीटवर ऐसपैस बसले आणि तिथूनच निकाल देऊन टाकला. "पोरगी पसंत हाय आपल्याला. बाप काय करतो, त्याचं आपल्याला काही न्हाई. माणूस हुन्नरी हाय. बोला, सुपारी कधी फोडायची?"

ज्या शब्दांसाठी भागवत झुरला होता ते कानावर पडले आणि तो पुसलेलेच हात पुन्हा फडक्याला पुसायला लागला. दैवशाला आशेनं त्याच्याकडं बघत होती. नाही म्हणावं तर हीही सोयरीक मोडणार, आणि यावेळी मोडणारा तो स्वतः. हो म्हणवेना. "कळवतो," तो कसाबसा पुटपुटला.

"आता त्यात कळवायचं काय? घरचे धनी तुम्ही!"

तेवढ्यात मागची काच खाली आली. साळूबाईंचं बोट सवयीनं बटणावर गेलं असावं, बाई दचकल्याच. त्यांनी पुन्हा दाबून बघितलं. काच आणखी खाली गेली. पुढं रामराव कल्याणला विचारत होते, "आरं, ही कशी काय चालू झाली?" बाईंचं तिकडं लक्ष नव्हतं. त्या भागवतकडं बघत होत्या. मग बाहेर वाकून हळूच म्हणाल्या, "दादा, पोरीला इचारलं का तुम्ही?"

भागवतनं मान खाली घातली.

"इचारा. मला कुणी इचारलं न्हवतं."

गाडी निघून गेली तरी तो तिथंच उभा. पोराची जमीन विचारली होती, नोकरी विचारली होती, मामेकूळसुद्धा विचारलं होतं. मोनालीला फक्त साडी कोणती नेसतेस एवढं विचारलं होतं, तेही तिच्या आईनं. त्याला लाज वाटली, अगदी मेल्याहून मेल्यासारखं झालं.

आत मोनाली कपबशा विसळत होती. तो चौकटीत उभा राहिला. "मोनाले, तुला पटलं का गं हे ठिकाण?"

तिनं नळ बंद केला. हातातली बशी पालथी घातली.

"तुम्ही सकाळपासून इतके खूश होता, बापू," ती म्हणाली. "म्हणून हो म्हणणार होते मी."

"माझं सोड. तुझं सांग."

"मला न्हाई पटलं."

"बरं," भागवत म्हणाला, आणि तिथंच, तिच्यासमोर, त्यानं रामरावांना फोन लावला.