रेषेखालचं जहाज

कवळीवाले दिवसभर माणसांचे दात बनवायचे आणि उरलेल्या वेळात लढाऊ जहाजं. गल्लीतलं निम्मं हसू त्यांच्या हातचं; स्वतः मात्र कधी दात दाखवले नाहीत. कवळीच्या चिमट्यानंच ते हातभर जहाजावर तिळाएवढ्या तोफा बसवायचे. शौकीन लोक लांबून येऊन काचेच्या पेटीत घालून न्यायचे.

जहाज नेहमी तेच, ज्यावर ते आणि त्यांचा थोरला भाऊ लढाईत होते. तेही पाण्याच्या रेषेला सपाट कापलेलं, रंगवलेल्या समुद्रावर चिकटवलेलं. खालचा भाग त्यांनी कधी केलाच नाही. भाऊ खाली होता, बॉयलरपाशी. पाणी घुसलं, हुकूम आला, आणि खाली उतरायच्या वाटेचं झाकण यांनीच आवळलं. खालून ठोकल्याचे आवाज आले. मग आलेच नाहीत.

वहिनींना त्यांनी सांगितलं, दादा डेकवर माझ्याशेजारी होता, गोळा लागला, त्याला कळलंसुद्धा नाही. वहिनी त्यांच्याकडेच राहिल्या. त्या एका वाक्यावर घर चाळीस वर्षं उभं होतं.

घरात आतल्या एकाही दाराला कडी नव्हती. कवळीवाल्यांनी सगळ्या उपटून टाकल्या होत्या, न्हाणीघराचीसुद्धा. कुणी चुकून आत येऊ नये म्हणून वहिनी अंघोळ करताना मोठ्यानं गायच्या. गळा असा, की शेजारी खिडक्या लावून घ्यायचे.

मग वहिनींचा मोतीबिंदू काढला. पट्टी सुटल्यावर त्यांना आधी कोळ्याची जाळी दिसली, मग दिराच्या सुरकुत्या, मग टेबलावरचं जहाज.

"भाऊजी, हे अर्धंच का?"

लोकांना असंच आवडतं, म्हणाले. ह्यांची जागा दाखवा म्हटल्यावर त्यांनी सवयीनं डेकवर बोट ठेवलं. वहिनींनी ते बोट उचलून रंगवलेल्या समुद्रावर टेकवलं.

"इथं, याच्या खाली. सुट्टीवर आले की ह्यांच्या कपड्यांचा तेलकट वास तीन पाण्यांत जायचा नाही. आणि चाळीस वर्षं मी बिनकडीच्या न्हाणीघरात अंघोळ करतेय. मोतीबिंदू आत्ताचा आहे, भाऊजी."

कवळीवाले त्याच बोटाच्या नखानं समुद्राचा रंग खरवडू लागले.

"खालचं करा आता. मला बघायचंय."

तीन महिने लागले. बॉयलर झाला, शिडी झाली. तांदळाच्या दाण्याएवढं झाकण चिमट्यात धरून त्यांनी विचारलं, उघडं ठेवू का? वहिनी म्हणाल्या, होतं तसं करा. त्यांनी ते बंद करून चिकटवलं.

ते वाळायच्या आत वहिनींनी दुसरं काम सांगितलं. न्हाणीघराला कडी बसवा, म्हातारपणी तरी निवांत अंघोळ करू द्या. त्यांनी निमूट बसवली.

दुसऱ्या दिवशी सकाळी वहिनी आत गेल्या. कडी लागल्याचा आवाज आला. आता गायची काही गरज नव्हती. पाणी पडत होतं, मग तेही थांबलं.

कवळीवाले दाराला पाठ टेकून खाली बसले.

"वहिनी," ते म्हणाले, "गात राहा."

थोड्या वेळानं आतून गाणं सुरू झालं, नेहमीसारखंच बेसूर. कडी निघेपर्यंत ते तिथून हलले नाहीत.